कळतं सगळं, सांगता येत नाही: माकडं, एप आणि भाषेची सुरुवात

भाषा मुळात आली कुठून यावर एकेकाळी इतकी वादावादी चालायची की १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र सोसायटीने आपल्या नियमांतच लिहून टाकलं, या विषयावरचा निबंध आम्ही घेणार नाही म्हणून. चिडण्यासारखंच होतं ते. पुरावा कुणाकडेच नव्हता आणि थिअरी मात्र ज्याच्या त्याच्याकडे होती. बोललेला शब्द हवेत विरतो, त्याचं काही फॉसिल होत नाही, जीभ आणि ओठ सडून जातात, मेंदूचीही कवटी तेवढी उरते. मग शोधायचं कुठे, तर जिवंत नातेवाईकांकडे. चिंपांझी आणि त्याचाच सख्खा नातेवाईक बोनोबो यांच्यापासून आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, आफ्रिका-आशियातल्या शेपटीवाल्या माकडांपासून त्याच्याही खूप आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. जे त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही आहे ते बहुतेक जुनं, जे फक्त आपल्यात आहे ते नंतरचं, असा हा हिशोब.

आता हा हिशोब मांडताना बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष माकडाच्या तोंडाकडे होतं. ते किती प्रकारचे आवाज काढतं, त्यातले शब्द किती, त्याला बोलायला शिकवता येईल का वगैरे. मला विचाराल तर खरी गोष्ट त्याच्या कानात आहे. ऐकून अर्थ लावणं हे फार म्हणजे फारच जुनं आहे, आणि समोरच्याला माहीत नाही म्हणून मुद्दाम सांगणं हे नवीन. ही माझी आयडिया नाही, रॉबर्ट सेफार्थ आणि डोरोथी चेनी या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने आयुष्यभर जंगलात माकडांच्या मागे फिरून जे शोधलं त्याचा एक मोठा भाग हाच आहे, पण लोकांना त्यांचा पहिला एक्सपेरिमेंटच तेवढा माहीत असतो, म्हणून तिथूनच सुरू करू.

केनियातल्या अंबोसेली भागात व्हर्व्हेट नावाची छोटी, काळ्या तोंडाची माकडं राहतात. थॉमस स्ट्रुसेकर या संशोधकाने १९६०च्या दशकात नोंदवलं होतं की बिबट्या दिसला की ती एक आवाज काढतात, गरुड दिसला की दुसरा आणि साप दिसला की तिसराच. पण नुसतं एवढ्यावरून काय सिद्ध होतं? माकडं आवाजाला रिॲक्ट होतायत की स्वतः बिबट्या बघून पळतायत हे कसं कळणार. म्हणून सेफार्थ, चेनी आणि पीटर मार्लर यांनी झुडपात स्पीकर लपवला आणि आसपास कुठलाही शिकारी नसताना रेकॉर्ड केलेले आवाज वाजवले. १९८० साली त्याचे निष्कर्ष आले. बिबट्याचा आवाज वाजवला की माकडं झाडावर, गरुडाचा वाजवला की नजर आकाशाकडे किंवा सरळ झुडपात, सापाचा वाजवला की मागच्या दोन पायांवर उभी राहून गवतात शोधाशोध. म्हणजे आवाजात बातमी होती आणि ती प्रत्यक्ष शिकारी न बघता पोचत होती. झालं, ‘माकडांना शब्द असतात’ अशी हवा झाली.

पण शब्द म्हणायच्या आधी जरा थांबावं लागतं. आपलं मूल ‘कुत्रा’ हा शब्द शिकतं तेव्हा तो आवाजच शिकतं, दुसऱ्या घरात जन्मलं असतं तर दुसराच आवाज शिकलं असतं. व्हर्व्हेटचं पिल्लू गरुडाचा आवाज शिकत नाही, तो त्याला जन्मजात येतो. फक्त सुरुवातीला ते तो कशावरही वापरतं, बगळ्या-करकोच्यासारखा निरुपद्रवी पक्षी दिसला तरी आणि कधीकधी गळणारं पान बघूनही, मग हळूहळू नेम बसत जातो आणि मोठेपणी तो आवाज माकडं खाणाऱ्या गरुडांपुरता उरतो. म्हणजे कधी काढायचा हे शिकतं, काय काढायचं हे नाही.

याचा सगळ्यात भारी पुरावा बऱ्याच वर्षांनी सेनेगलमधून आला. तिथे व्हर्व्हेटचीच जवळची नातेवाईक असलेली हिरवी माकडं आहेत, दोघांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. जर्मन संशोधक ज्युलिया फिशर आणि तिच्या टीमने या माकडांच्या डोक्यावरून ड्रोन उडवला. आता ड्रोन ही वस्तू त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती, त्यांच्या आईबापांनीही नाही. माकडांनी एक आवाज काढला आणि तो हजारो किलोमीटर लांबच्या पूर्व आफ्रिकेतल्या व्हर्व्हेटच्या गरुडाच्या आवाजाशी चांगलाच मिळताजुळता निघाला. गळ्यातली कॅसेट तीच. पण नंतर टीमने लपवलेल्या स्पीकरवर नुसता ड्रोनचा आवाज वाजवला तर माकडं वर बघायला लागली, एक-दोनदाच अनुभव आलेला असूनही. हा पेपर २०१९चा आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार त्यात आलंय, की गळा लाखो वर्षं जागचा हलत नाही आणि कान मात्र एका दुपारी नवीन गोष्ट शिकतो.

कानाची ही हुशारी काही एकाच जातीपुरती नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात डायना माकडं बिबट्यासाठी वेगळा आणि गरुडासाठी वेगळा आवाज काढतात, आणि त्याच जंगलातला धनेश पक्षी तो फरक ओळखतो. बिबट्या धनेशाचं काही वाकडं करत नाही पण मोठा गरुड करू शकतो, म्हणून माकडाच्या गरुडवाल्या आवाजाला धनेश दाद देतो आणि बिबट्यावाल्याकडे फारसं लक्ष देत नाही. माकडांनी त्याला काही सांगितलेलं नाही बरं का, त्यानेच आपलं आपण काढून घेतलं.

ताई जंगलाचीच अजून एक फेमस केस म्हणजे कॅम्पबेल माकडं. त्यांचे नर ‘क्राक’ आणि ‘होक’ असे आवाज काढतात, क्राक बिबट्यासाठी आणि होक गरुडासाठी, आणि या आवाजांच्या शेवटी ‘ऊ’ लावला की अर्थ सैल होतो. क्राक-ऊ म्हणजे बिबट्याच असं नाही, काहीतरी गडबड आहे एवढंच. २००९ साली हे छापून आलं तेव्हा माकडांना प्रत्यय लावता येतात अशा हेडलाइनी झाल्या. यात अजून एक मजेदार धागा आहे. सिएरा लिओनमधल्या तिवाई बेटावर हीच जात आहे पण तिथे बिबटे नाहीत, आणि तिथे क्राक हा आवाज सरसकट कुठल्याही धोक्याला वापरला जातो. नायजेरियात पांढऱ्या नाकाची माकडं आहेत, त्यांचे ‘प्याऊ’ आणि ‘हॅक’ असे दोन आवाज, पण काही प्याऊ आणि त्यामागून काही हॅक अशी माळ लावली की अख्खा ग्रुप जागा सोडून चालायला लागतो. म्हणजे जोडून झालेला अर्थ वेगळाच. हे सगळं खरं आहे आणि इंटरेस्टिंगही आहे, पण याला व्याकरण म्हणणं मला जरा घाईचं वाटतं. व्याकरणाची ताकद अशी की थोड्या नियमांतून कधीच न ऐकलेली लाखो वाक्यं निघतात. इथे एक प्रत्यय आहे, तो दोन-चार आवाजांना लागतो आणि संपलं. रांगेत पुढे काही येत नाही.

खरी मजा बोत्स्वानाच्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशातल्या बबून नावाच्या मोठ्या माकडांमध्ये आहे. व्हर्व्हेटनंतर चेनी-सेफार्थ तिथे गेले आणि बरीच वर्षं एकाच कळपाच्या मागे राहिले. बबूनच्या माद्यांमध्ये मानाची उतरंड अगदी पक्की असते, आईचा मान मुलीला मिळतो, कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या घराण्यातली हे प्रत्येकीला माहीत. वरची खालचीवर गुरगुरते आणि खालची घाबरून ओरडते, हे रोजचंच. संशोधकांनी रेकॉर्डिंग कापून उलटं केलं, खालच्या मादीची गुरगुर आणि त्यामागून वरच्या मादीचं घाबरं ओरडणं. हे ऐकून बाकीच्या माद्या स्पीकरच्या दिशेने जास्त वेळ बघत राहिल्या. असं कसं झालं, या छापाचं बघणं. पुढे २००३ साली असंही दिसलं की हा उलटापालट एकाच घराण्यातल्या दोघींमध्ये असेल तर फार काही नाही, पण दोन वेगळ्या घराण्यांत असेल तर बघणं लांबतं, कारण आता अख्ख्या घराण्याची जागा हलण्याचा प्रश्न आहे.

आता याचा अर्थ नीट बघा. दोन माद्या, दोन वेगळे आवाज, दोघींपैकी कुणीही बाकीच्यांना उद्देशून काही बोललेलं नाही. तरी ऐकणारीने काय जोडलं, तर कोणी, कोणाला, काय केलं, आणि ते नेहमीच्या रीतीला धरून आहे की नाही. हेच तर वाक्यात असतं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं ऐकणारीच्या डोक्यात तयार झालं आणि बोलणारी तर नुसती गुरगुरली होती. भाषेला लागणारी विचारांची मांडणी भाषेच्या आधीच, कळपातलं राजकारण समजून घेण्यासाठी तयार होती असं चेनी-सेफार्थ म्हणतात ते यावरून. मला हे पटतं. क्राक-ऊपेक्षा खूप जास्त पटतं.

मग अडलं कुठे? अडलं सांगण्यात. हेच बबून जंगलातून जाताना पांगतात तेव्हा भुंकल्यासारखा आवाज काढतात, आणि आपल्याला वाटतं ते एकमेकांना ‘मी इथे आहे’ असं सांगतायत. तपासलं तर तसं निघालं नाही. पिल्लू हरवून ओरडत असतं, आई तो आवाज ओळखते, त्या दिशेने बघते, पण उलट आवाज द्यायचा की नाही हे पिल्लाच्या अवस्थेवर ठरत नाही, ती स्वतः कळपापासून तुटलेली असेल तरच ती ओरडते. निर्दय आहे म्हणून नव्हे. पिल्लाला मी कुठे आहे ते माहीत नाही, ही गोष्टच तिच्या डोक्यात येत नाही. मकाक माकडांवरचा एक जुना प्रयोगही असाच आहे, आईला खाऊ किंवा धोका दाखवला, एकदा पिल्लू शेजारी बसून सगळं बघत असताना आणि एकदा त्याला काही दिसत नसताना. आईचं ओरडणं दोन्ही वेळा सारखंच. दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही हे ओळखून त्याप्रमाणे बोलणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते नसलं तर कसं असेल याची कल्पनाही नीट करता येत नाही.

माकडं झाली, आता एप. म्हणजे शेपटी नसलेली आपली जवळची मंडळी, चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान. यांना बोलायला शिकवायचे प्रयत्न विसाव्या शतकात बरेच झाले आणि त्यातले काही वाचताना वाईटही वाटतं. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हेज दांपत्याने व्हिकी नावाची चिंपांझी घरात स्वतःच्या मुलासारखी वाढवली, हाताने तिचे ओठ धरून आवाज काढायला शिकवलं, आणि इतक्या मेहनतीनंतर ती ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ आणि ‘अप’ असे चारच शब्द कसेबसे म्हणायची. मग गार्डनर दांपत्याने १९६६ पासून वाशू या चिंपांझीला हातांची खुणांची भाषा शिकवली, ते बरंच बरं जमलं, शंभरच्या वर खुणा ती शिकली. त्यानंतर आला निम. हर्बर्ट टेरेसने हा प्रोजेक्ट चिंपांझी वाक्यं करू शकतो हे दाखवायलाच काढला होता, पण व्हिडिओ सावकाश बघितल्यावर त्याचंच मत फिरलं आणि १९७९ साली त्याने तसं जाहीर लिहिलं. निम बरेचदा समोरच्या शिक्षकाने नुकतीच केलेली खूण परत करत होता. त्याचं सगळ्यात लांब ‘वाक्य’ १६ खुणांचं, आणि ते होतं दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. लांबी वाढली, माहिती तेवढीच राहिली. आणि विषय बघा, दे दे दे. माणसाचं वर्षभराचं मूल खिडकीतून चिमणी दिसली की बोट दाखवतं, त्याला चिमणी नको असते, तुम्हीही बघा एवढंच हवं असतं. निमला तुम्हाला काही दाखवायचं नव्हतं, त्याला संत्रं हवं होतं.

आणि मग कांझी. हा बोनोबो, जन्म १९८०चा. स्यू सॅव्हेज-रंबॉ या संशोधक त्याला सांभाळणाऱ्या मादीला, माताताला, चिन्हांचा कीबोर्ड शिकवत होत्या, माताताला काही जमत नव्हतं, आणि पाठीवर-अंगाखांद्यावर खेळणाऱ्या या पिल्लाला कुणीही न शिकवता ते येत असल्याचं एक दिवस लक्षात आलं. पुढे कांझीला आणि एका दोन वर्षांच्या मुलीला साडेसहाशेच्या वर इंग्रजी वाक्यं तोंडी सांगून त्यांच्याकडून करवून घेतली, त्यातली बरीच मुद्दाम विचित्र बनवलेली, म्हणजे सवयीने किंवा अंदाजाने जमू नये अशी. कांझीने साधारण ७२ टक्के बरोबर केली, मुलीने ६६. आता हाच कांझी स्वतः कीबोर्डवर काय बोलायचा? बहुतेक एक-दोन चिन्हं, आणि त्यातलंही बहुतेक मागणंच. तो ४४ वर्षांचा होऊन २०२५ मध्ये गेला, पण समजण्यातली आणि सांगण्यातली ती दरी शेवटपर्यंत बुजली नाही. (आणि नुसतं समजण्याचंच म्हणाल तर चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं येत होती. कान खरंच स्वस्त आहे निसर्गात.)

इथे कुणीतरी म्हणतंच की अहो त्यांचा घसाच तसा नाही ना. हे बरीच वर्षं पुस्तकांतही होतं. फिलिप लीबरमन यांनी १९६९ साली मांडलं की माणसाचा स्वरयंत्राचा डबा घशात खाली सरकलेला आहे म्हणून आपल्याला इतके वेगवेगळे स्वर काढता येतात आणि माकडांना येत नाहीत. पण २०१६ साली टेकुमसे फिच आणि सहकाऱ्यांनी जिवंत मकाकच्या घशाचे एक्स-रे व्हिडिओ घेऊन कॉम्प्युटर मॉडेल केलं आणि दाखवलं की त्या घशातून समजतील असे पुरेसे स्वर निघू शकतात. म्हणजे वाजवणारा असता तर वाद्य ठीकठाक होतं. फरक असलाच तर बारीक, जसं की २०२२च्या एका अभ्यासात दिसलं की माकडांच्या आणि एपच्या स्वरतंतूंवर पातळ पडदे असतात जे आपल्यात नाहीसे झालेत, त्यामुळे आपला आवाज फाटत नाही, एकसारखा राहतो. साधेपणातून सोय झाली.

मुख्य अडचण मेंदूपासून घशापर्यंतच्या वायरिंगची आहे. माणसात मेंदूच्या वरच्या, ठरवून हालचाल करणाऱ्या भागातून स्वरयंत्राच्या स्नायूंना थेट जोडणी जाते. माकडांत ती सापडत नाही, चिंपांझीत अगदी कमी. त्यांचा आवाज जास्त करून मेंदूच्या जुन्या, भावनांच्या भागातून निघतो, आपलं दचकून ओरडणं किंवा हुंदका निघतो तसा. म्हणून भूक लागली असताना ‘इथे खाऊ आहे’ वाला आवाज गिळून टाकणंही चिंपांझीला जड जातं. याच संदर्भात एफओएक्सपी२ या जीनचं नाव ऐकलं असेल, ‘भाषेचा जीन’ म्हणून. २००१ साली एका ब्रिटिश कुटुंबातल्या उच्चारांच्या अडचणीवरून तो सापडला, पण तो भाषेचा वगैरे नाही, तोंडाच्या बारीक हालचालींचा क्रम जमवण्यात त्याचा हात आहे, उंदरात आणि पक्ष्यांतही तो असतो आणि निअँडरथाल या नामशेष झालेल्या माणसाच्या जातीकडे तर तो आपल्यासारखाच होता. एक जीन पालटला आणि भाषा आली असं काही झालेलं नाही, विषय संपला.

बरं, आवाज हातात नाही, पण हात तर हातात आहेत. युगांडाच्या बुडोंगो जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपांझींच्या ६० हून जास्त खुणा नोंदवल्या. अंगावर मोठ्याने, मुद्दाम खाजवून दाखवणं म्हणजे माझं अंग साफ कर. दाताने पान टराटरा फाडणं हा बहुतेक प्रणयाचा इशारा. हात पुढे करणं म्हणजे ते दे. आणि इथे माकडांच्या ओरडण्यापेक्षा वेगळं काय, तर चिंपांझी आधी समोरचा आपल्याकडे बघतोय का ते बघतो, खूण करतो, थांबतो, उत्तर आलं नाही तर परत करतो किंवा दुसरी खूण वापरून बघतो. हे सरळ सरळ मुद्दाम केलेलं आहे. बोनोबोंच्या खुणा बऱ्याच अंशी याच आहेत. वर्ष-दोन वर्षांची माणसाची मुलं तपासली तर त्यांच्या ५२ खुणांपैकी जवळपास ९० टक्के चिंपांझीकडेही सापडल्या. २०२३ मध्ये तर साध्या लोकांना ऑनलाइन व्हिडिओ दाखवून या खुणांचे अर्थ विचारले, साडेपाच हजारांवर लोकांनी उत्तरं दिली आणि निम्म्याहून जास्त वेळा ती बरोबर आली, नुसत्या ठोकताळ्याने आली असती त्यापेक्षा बरीच जास्त. म्हणजे ही जुनी खुणांची बोली आपल्यात अजून कुठेतरी शिल्लक आहे.

यावरून काही लोक म्हणतात भाषा आधी हातात होती, आवाजात नंतर आली. मायकेल कोर्बॅलिस यांनी हे जोरात मांडलं. बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, कर्णबधिर लोकांच्या खुणांच्या भाषा पूर्ण भाषा असतात, आणि निकाराग्वामध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलांची शाळा निघाल्यावर मुलांनी आपापसात काही वर्षांत नवी खुणांची भाषा उभी केली, पुढच्या बॅचच्या लहान मुलांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं, हे तर शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडलं. मला वाटतं ‘हात की आवाज’ असं भांडण लावायची गरज नाही, आजही आपण बोलताना हात हलवतोच, फोनवर सुद्धा. पण चिंपांझीच्या खुणांचे अर्थ एका खाली एक मांडून बघा, इकडे ये, दूर हो, दे, थांब, अंगाला हात लाव, चल. परत मागणंच. मायकेल टोमासेलो यांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या फायद्यासाठी नुसती माहिती देणं आणि दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघणं, यात माणसाचं वेगळेपण आहे. निमच्या संत्र्यापाशी आपण जिथे होतो तिथेच परत आलो.

अर्थात एपमध्ये सांगणं अगदीच नाही असंही नाही, आणि इथे गेल्या काही वर्षांतलं काम फार छान आहे. बुडोंगोमध्येच कॅथरीन क्रॉकफर्ड आणि टीमने चिंपांझींच्या वाटेत खोटा विषारी साप ठेवला. ज्याने साप पाहिला तो, मागून येणाऱ्यांना सापाबद्दल माहीत नसेल तर जास्त ओरडायचा, माहीत असेल तर कमी. मकाकच्या आईला जे जमलं नव्हतं ते इथे थोडंसं दिसलं. सुमात्राच्या जंगलात तर संशोधक वाघाच्या पट्ट्यांची चादर अंगावर घेऊन चार पायांवर रांगत गेले, वर झाडात ओरांगउटानच्या माद्या पिल्लांसकट. त्या माद्या एकदम गप्प झाल्या, ‘वाघ’ निघून गेला, मग कित्येक मिनिटांनी, कधीकधी तर वीस मिनिटांनी, त्यांनी धोक्याचा आवाज काढला. म्हणजे समोर नसलेल्या, होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलचा आवाज. आणि आवाज दाबून धरणंही जमलं. २०२५ मध्ये काँगोच्या कोकोलोपोरी अभयारण्यातल्या बोनोबोंचे शेकडो आवाज तपासून असं छापून आलं की ते दोन हाका जोडतात तेव्हा काही जोड्यांत एका हाकेने दुसरीचा अर्थ बदलतो, नुसती बेरीज होत नाही. क्राक-ऊपेक्षा हे पुढचं पाऊल आहे, पण त्याही जोड्या मोजक्याच आहेत.

मग आपल्यालाच का सांगावंसं वाटायला लागलं? रॉबिन डनबार म्हणतात ग्रुप मोठे झाले आणि प्रत्येकाचं अंग साफ करत बसायला दिवस पुरेना, म्हणून हातांचं काम तोंडाने, गप्पांनी उरकायला सुरुवात झाली. ऐकायला छान आहे, पण नुसत्या गोड हुंकारांनीही ते भागलं असतं, त्याला वाक्यं कशाला लागतात याचं उत्तर त्यात नीट मिळत नाही. मला सारा हर्डी आणि ज्युडिथ बुर्कार्ट यांची बाजू जास्त पटते. त्या म्हणतात मुलं कोण वाढवतं ते बघा. जंगलातली चिंपांझी आई पिल्लाला पहिले काही महिने दुसऱ्या कुणाच्या हातात सहसा देतच नाही. माणसाचं मूल आजी, मावशी, मोठी भावंडं, बाप, सगळ्यांच्या मांडीवरून फिरतं. अशा मुलाला माझ्याकडे कोण लक्ष देतंय, कोणाला कसं पटवायचं हे वाचता यायला लागतं, आणि सांभाळणाऱ्या मोठ्यांनाही आपसात वाटून घ्यायची, दुसऱ्याला मदत करायची सवय लागते. सांगणं म्हणजे तरी काय, माहिती वाटून घेणंच.

हे तपासायला एक सोयीचा प्राणी आहे, दक्षिण अमेरिकेतलं मार्मोसेट, मुठीत मावेल एवढं माकड, आपल्यापासून सुमारे चार कोटी वर्षं लांब. त्यांना बहुतेक जुळी होतात आणि बाप आणि भावंडं ती पाठीवर वाहतात. प्रयोगात मार्मोसेट स्वतःला काही मिळणार नसतानाही शेजाऱ्याकडे खाऊची ट्रे ओढून देतात. लांबून एकमेकांशी बोलताना ते आपल्यासारखी पाळी पाळतात, एकाचं झाल्यावर काही सेकंद थांबून मग दुसरा, आणि ज्या पिल्लांना आईबाप जास्त उत्तर देतात त्यांचा रडका आवाज लवकर मोठ्यांसारखा होतो. २०२४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या टीमने दाखवलं की ते ज्याच्याशी बोलतात त्याच्यासाठी वेगळी हाक वापरतात, जवळजवळ नावासारखी, आणि एका कुटुंबातले सगळे एकाच्यासाठी मिळतीजुळती हाक वापरतात, म्हणजे एकमेकांकडून उचलतात. माकडाचा गळा हलत नाही असं वर म्हटलं, तो इथे थोडा हललेला दिसतो, आणि तोही नेमका जिथे मुलं सगळे मिळून वाढवतात तिथे. आता मार्मोसेट हे लाखो वर्षं करतायत आणि त्यांना भाषा आली नाही हेही खरंच, त्यांचा मेंदू जेमतेम आठ-दहा ग्रॅमचा, कांझीने साडेसहाशे वाक्यं ज्या मेंदूने समजून घेतली तो त्याच्या तीस-चाळीस पट. एकाकडे सांगायची ओढ आहे आणि मेंदू छोटा, दुसऱ्याकडे मेंदू आहे आणि ओढ कमी. या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात एकत्र आल्या त्या आपल्या पूर्वजांत, पण त्यांच्यात नेमकी कधी, हे हाडांवरून अजून कुणाला सांगता आलेलं नाही.